रेवसच्या लाँचवरची अल्सरवाली मंडळी

अशा गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर खिशात वाळू सापडते ना, तशा त्या सापडत राहतात.

साठ सालाच्या आसपास दर तीन महिन्यांनी मी पत्नीला, सुमतीला घेऊन रेवसहून लाँचने मुंबईच्या हॉस्पिटलात जात असे. तिच्या पोटातला कॅन्सर बराच पसरला होता. डॉक्टरांनी अर्ध्याहून अधिक जठर काढलं होतं. गाठ परत आली का, एवढंच तपासायचं असे. त्याच फेरीला थळची हिराबाई कोळीण आणि चौलचे नारळवाले हुसेनचाचा भेटत. दोघांचीही पोटं त्याच डॉक्टरांनी उघडलेली!

तेव्हा रोग्याला रोगाचं नाव सांगत नसत. नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगत. त्यामुळे लाँचवर सगळ्यांना अल्सरच!

एकदा चाचा सुमतीला म्हणाले, "बेटी, अल्सर आपल्याला, आणि तोंड सुकलंय मास्तरांचं!"

ती खूप हसली. मी समुद्राकडे बघत बसलो.

हिराबाईचं अर्धं आतडं काढलेलं. "हलकं खा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या फेरीला तिच्या डब्यात सुके बोंबील! मी डोळे वटारले.

"मास्तर, वाऱ्यानं उडतो हा! याच्याहून हलकं काय आनू?"

चाचांच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, "फार तर एक वर्ष." चाचांनी ते दाराआडून ऐकलं. चौथ्या वर्षी ते डॉक्टरांच्या टेबलावर शहाळी ठेवून म्हणाले, "साहेब, तुमचा तो साल सुरू कधी होणार?"

डॉक्टरांनी शहाळं तोंडाला लावलं.

एका सकाळी धुक्यात किनारा दिसेना. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे लागतं, कळत नव्हतं. सुमती पोटावर हात ठेवून म्हणाली, "इथं रिकामं झालंय ना, तिथं समुद्र हलल्यासारखा वाटतो."

"भरती हाय," हिराबाई म्हणाली. "जपून बस!"

मग एका श्रावणात हिराबाई आलीच नाही. बाकावरची तिची जागा आम्ही मोकळी ठेवली. लाँच सुटल्यावर चाचा म्हणाले, "मासळी भरपूर लागली असेल. फुरसत कुठली?"

नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती. होड्या किनाऱ्यावरच होत्या.

"हो ना," सुमती म्हणाली.

पुढच्या वर्षी सुमतीची गाठ परत आली. दुसरं ऑपरेशन ठरलं. आमच्या मंडळीत एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती: चार-पाच तास लागले तर गाठ निघाली, अर्ध्या तासात बाहेर आणलं, तर पोट उघडून नुसतं पाहिलं आणि तसंच शिवलं.

आठला तिला आत नेलं. साडेआठला बाहेर आणलं.

दहाच्या सुमारास तिनं डोळे उघडले.

"किती वाजले?"

"तीन," मी म्हणालो.

पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं ऊन तिच्या चादरीवर पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझा हात थोपटून म्हणाली,

"अगं बाई, तीन! म्हणजे तुमचं जेवण राहिलं की. जा, आधी जेवून या."