बिनमालकीच्या कुत्र्यांचे बिल्ले

त्या केसची आठवण निघाली की आजही मला आरोपीआधी माझंच हसू येतं. ऐंशीच्या दशकात, जंगलाला टेकलेल्या एका लहान गावी मी नवी फौजदार म्हणून हजर झाले होते. कमरेचा पट्टा इतका करकचून बांधायची की जेवल्यावर श्वास घ्यायची पंचाईत. गावाला वाटे, बाई फार कडक आहे.

त्या काळी नगरपालिका मोकाट कुत्र्यांना विष घालून मारायची. बाजारात घाण वाढली, तक्रारी आल्या, की रिक्षावर भोंगा फिरे: पाळीव कुत्र्याला पालिकेचा बिल्ला बांधा, बिनबिल्ल्याचं कुत्रं मारलं जाईल. बिल्ला फुकट मिळे. त्या वर्षी मोहिमेचं पथक निघालं आणि हात हलवत परत आलं. जंगलाकडच्या मोहल्ल्यातल्या एकूणएक कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला होता आणि पालिकेच्या कपाटातली बिल्ल्यांची पेटी गायब होती. चोरीची फिर्याद आली. मी कलम लावलं, पंच घेतले आणि मुद्देमाल जप्त करायला निघाले.

मुद्देमालाला पाय होते, दातही होते. पहिल्याच जप्तीत माझ्या नव्या पँटचा तुकडा मुद्देमालाकडे जमा झाला.

मग मी ओळख परेड ठेवली. नात आजही विचारते, आजी, खरंच? खरंच. पालिकेचे सात कर्मचारी ठाण्याच्या आवारात रांगेत उभे केले आणि जमादारांनी पकडून आणलेलं एक बिल्लेवालं पिवळं कुत्रं सोडलं. ज्याच्याकडे जाईल तो चोर. कुत्र्याने रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ येऊन माझ्या बुटांवर बसलं. रोज सकाळी ठाण्यामागे मीच त्याला पोळी घालत असे. जमादार मान खाली घालून स्टेशन डायरी लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

दुपारी त्यांनीच हळूच वाट दाखवली. "मॅडम, मोहल्ल्यातले कुत्रे तुम्हाले गळ्याले हात लावू देत नाई, तं बिल्ला कोनाले बांधू देला असंन?"

उत्तर एकच होतं: त्या मोहल्ल्यात राहणारी पालिकेची झाडूवाली. चोर म्हणजे पुरुषच, असं धरून मी तिला रांगेत उभंच केलं नव्हतं. स्वतः बाई असून.

पन्नाशीची बाई, तिच्या नोकरीवर घरातली चार माणसं जगत होती. चौकशीत मी टेबलावर रूळ आपटला. तो घरंगळला. तिने उचलून जागेवर ठेवला आणि सरळ कबुली दिली.

"म्याच घेतले, बाई. आधी मागाले गेली होती. बाबू म्हने, फारमवर मालकाचं नाव लिव. आमचे कुत्रे साऱ्या मोहल्ल्याचे. याच्या घरी भाकर खाते, त्याच्या घरी पेज. कोनाचं नाव लिवू? बाबू म्हने, मालक नाई तं बिल्ला नाई."

"म्हणून चोरी?"

"बिबट आला तं कुत्रेच भुकते. बाबू थोडी येते भुकाले."

अटक दाखवली असती तर ती त्याच दिवशी निलंबित झाली असती, आणि बिल्ले काढले असते तर दुसऱ्या सकाळी कुत्री मेली असती. कागद तयार होता. माझी पहिली उकललेली केस, फक्त सही बाकी.

सही न करता मी पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. मालक एकच असावा असं नियमात कुठे आहे, विचारलं. त्यांनी नियम वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. तसं कुठेच नव्हतं, अर्जावर जागाच एका नावापुरती होती. संध्याकाळपर्यंत मोहल्ला पालिकेत जमला. एकेका अर्जाच्या मागच्या बाजूला पाच-पाच सह्या, अंगठे उमटले. मुख्याधिकाऱ्यांनी एकच अट घातली: मालक झालात, आता कुत्र्यांची घाणही मालकांनीच उचलायची. झाडूवालीला तोंडी समज मिळाली. बिल्ल्यांबाबत गैरसमज झाला होता असा पालिकेने जबाब दिला, आणि फिर्याद गैरसमजातून झाली म्हणून केस बंद करावी, अशी 'सी समरी' मी कोर्टाला पाठवली.

दुसऱ्या सकाळी मोहल्ल्यात गेले, तर ती झाडू टेकवून उभी होती आणि एका कुत्र्याच्या पाचही मालकांना फावडं दाखवत होती. "लय हौस होती ना सही कराची? उचला आता."

पुढे खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जबाब घेताना माझा पहिला प्रश्न त्या दिवसापासून बदलला. 'का केलंस?' हे मी नंतर विचारायची. आधी विचारायची, 'याच्या अगोदर कोणाकडे गेली होतीस, आणि तो काय म्हणाला?'