पोच

पडद्यावरच्या नेत्याने सरकारी नोटीस टराटरा फाडली की तुम्हीही टाळ्या वाजवता का? आम्ही वाजवल्या होत्या. एक जुनी राजकीय मालिका पुन्हा बघत मी आणि माझा मित्र तिच्या एकेका भागावर पॉडकास्ट करतो. त्या प्रसंगाला आम्ही चक्क क्रांती म्हटलं.

ठाकुर्लीत मी पहिल्यांदाच एका दुकानात कपडे इस्त्रीला द्यायला गेलो. तिथल्या बाई मोबाईलवर आमच्या पॉडकास्टचा तोच भाग ऐकत होत्या. "मावशी, पाच शर्ट आहेत," मी म्हणालो, तसं त्यांनी दचकून वर पाहिलं.

"अरे, हा बडबड्या तूच का?"

"हो. आवडतं का?"

"आवडतं रे. पण नोटीस फाडल्यावर ऑफिसात दाखवणार काय, टाळ्या?"

इस्त्री उभी ठेवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. पालिकेच्या नोटिशीत त्यांची चाळ धोकादायक ठरवून रिकामी करायला सांगितली होती. पर्यायी घराचा उल्लेखच नव्हता. त्यांनी हरकत लिहून दिली होती; हा कागद म्हणजे तिचीच शिक्का मारलेली प्रत.

"नंतर म्हणतात, तुमची हरकत आलीच नाही. मग ही पोच दाखवली. आता सोमवारी सुनावणी आहे."

"कागद चुरगळलाय, मावशी."

"असू दे. इस्त्रीने शिक्का पुसला तर?"

पुढच्या भागात आम्ही आमची चूक सांगितली.

तुम्हीही कुठे अर्ज देणार असाल, तर दोन प्रती न्या. कारकून "ठेवून जा" म्हणेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडेपर्यंत खिडकी सोडू नका.