वाकड्या टीव्हीची मधली जागा

माझ्या थोरल्या साडूंइतका मोजमापावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. ते निवृत्त झाले, खिशातला टेप झाला नाही. कुलर खिडकीत दोन सूत तिरपा बसला म्हणून ऐन मे महिन्यात त्यांनी तो उतरवला आणि सगळं घर दिवसभर उकडत ठेवलं. लग्नाच्या पंगतीत दोन पानांमधलं अंतर मोजून त्यांनी वाढप्यालाही थांबवलेलं मी पाहिलं आहे.

मागच्या महिन्यात त्यांनी पंचावन्न इंची, वक्र पडद्याचा टीव्ही आणला. त्याची खरी मजा गोलाईच्या केंद्रात बसणाऱ्यालाच येते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. त्रिज्या तीन मीटर, म्हणजे नऊ फूट दहा इंच. समोरची भिंत आठ फुटांवर. हिशेबाने खुर्ची भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात, त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, पोळ्या लाटायला उभ्या राहतात तिथं येत होती. साडूंनी भिंत पाडायचं ठरवलं.

ताईंचा फोन आला तसा मी निघालो. पोचलो तेव्हा भिंतीवर खडूची चौकट, साडूंच्या हातात छिन्नी-हातोडा, आणि चौकटीला पाठ लावून ताई उभ्या. सकाळपासून दोघांत अबोला. "भाऊजी, तुम्ही हिशेबी. यांले समजवा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी मधोमध बसून पाहिलं, मग कडेला दिवाणावरून. मधून चित्र बरं, पण आमच्या सपाट टीव्हीहून वेगळं काही नाही. कडेवरून जवळची बाजू अरुंद आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडद्यावर ताणलेलं. मग दोन्ही कडांना दोरी धरून मोजलं. कडा मध्यापेक्षा जेमतेम अडीच इंच पुढं होत्या.

"दादा, अडीच इंचांसाठी भिंत पाडता?"

साडूंनी हातोडा खाली ठेवला नाही.

"अडीच इंचाचं मलेही समजते गा," ते म्हणाले. "पण मधली जागा हिच्याच पोळपाटापाशी येऊन राहिली. तीस वर्षं हिनं सिनेमा आतून नुसता आयकला. पाहिला कुठं?"

"मग मले काहून नाही विचारलं?" ताई म्हणाल्या.

साडूंनी खिशातला टेप काढला आणि पुन्हा आत टाकला. मग ताई आत गेल्या, त्याच भिंतीवरच्या फळीवरून पहिला डबा उतरवला आणि आणून माझ्या हातात दिला. "तिखटाचा हाय. जपून ठेवा. फळी रिकामी कराची हाय."

संध्याकाळी घरी येऊन मी बातम्या लावल्या. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, बातम्यांत काय म्हणाले? मी नेहमीसारखा आवाज वाढवला. मग उठलो आणि तिच्याशेजारी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथून आमचा टीव्ही दिसतच नव्हता. या घरात एकवीस वर्षं झाली. तिथं उभं राहून मी कधी पाहिलंच नव्हतं.