खांबावरचा मासा

क्लेम झेलिन्स्कीच्या पायाला भिंगरी होती. चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस निवृत्तीनंतर तरी जरा टेकेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. कसलं काय! त्याला धड दहा मिनिटं खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याची बायको डोलोरेस गेली, तेव्हा तिच्या अंत्यविधीच्या जेवणातही हा गडी उभा राहून दुसऱ्यांना वाढत होता.

फुटबॉलच्या सामन्याच्या रविवारी तर विचारूच नका. खेळ सुरू व्हायचा दुपारी बाराला आणि क्लेमची जुनी पिकअप स्टेडियमबाहेरच्या वाहनतळात सकाळी सहालाच लागलेली असायची, बत्तीस वर्षं त्याच रांगेत. आत जायचं तिकीट काढणं त्याने कधीच सोडलं होतं. सामना तो रेडिओवर ऐकायचा. खरा कार्यक्रम बाहेरच: चुलीवर बूया नावाच्या घट्ट रश्श्याचा मोठा हंडा, त्यात कोंबडी, बैलाची शेपटी, कोबी, बटाटे, आणि वल्ह्याएवढ्या लाकडी पळीने ते सतत ढवळणारा क्लेम. गाडीच्या मागे वीस फुटांचा खांब, खांबावर पिवळा झेंडा, झेंड्यावर लाल मासा. तो डोलोरेसने शिवला होता.

त्या दिवशी पहिल्यांदाच नातवंडं एकटी त्याच्या ताब्यात होती. कोल आठ वर्षांचा, हॅटी पाच. आजोबाला ती पोलिश रीतीने 'जाजा' म्हणायची. त्यांची आई रॉक्सॅन, म्हणजे क्लेमची एकुलती एक लेक, नर्स होती आणि दुपारी बारापर्यंत तिची पाळी होती. वाहनतळातल्या या जत्रेचं तिला भारी वावडं. लहानपणी यायची, मग एकाएकी यायचीच बंद झाली, ती आजतागायत. पोरांनी महिनाभर तिच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे ती तयार झाली.

"बाबा, ऐक," मुलांना उतरवताना ती म्हणाली. "काही झालं ना, पोरं इथे पुन्हा दिसणार नाहीत. मी गंमत करत नाहीये."

"अगं, काय होतंय? चर्चपेक्षा जास्त ओळखीची माणसं आहेत इथे."

"तेच म्हणतेय. तू माणसांत रमलास की तुला कशाचं भान राहत नाही."

क्लेमला ते लागलं. गिरणीतल्या पाळ्यांपायी लेकीचं बालपण त्याच्या हातून निसटलं होतं. ही दोन पोरं तरी त्याला हवी होती, आणि ती याच रांगेत हवी होती. ती गेल्याबरोबर त्याने दोघांना खांबापाशी उभं केलं. "हरवलात तर रडायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. नुसतं वर बघायचं. मासा दिसला की खाली जाजा आहेच."

"आणि मासा नाही दिसला तर?" हॅटीने विचारलं.

"मासा कुठे पोहून जातोय!" क्लेम हसला.

साडेदहापर्यंत सगळं झकास चाललं होतं. पोरं चेंडू फेकत होती, सॉसेज खात होती, शेजारच्या मार्ज वॅनलाननच्या कुत्र्याला चोरून भरवत होती. क्लेम मात्र हंड्यापासून पोरांपर्यंत आणि पोरांपासून हंड्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. मग हॅटीला शू लागली. शौचालयं रांगेच्या टोकाला होती आणि हंडा सोडला तर बूया खाली लागणार. "कोल, हात सोडू नकोस हं तिचा," असं बजावून त्याने दोघांना पाठवलं.

ती गेली, आणि मार्जचा नवरा नॉर्ब डिशमधला घास तोंडात टाकत म्हणाला, "क्लेम, त्या माशाखाली सलग दोन सामने हरलोय आपण. बघ बाबा. मी काही बोलत नाही."

एवढं पुरे होतं. जिंकत असताना मोजे न धुणारी ही माणसं! क्लेमच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आज हरलो तर माझ्यामुळे? त्याने पळी टाकली, दोरी सोडली आणि मासा सरसर खाली आला. घडी घालून त्याने तो पुढच्या सीटवर ठेवला. खांब मोकळा. जिवाला जरा बरं वाटलं.

पाच मिनिटांनी कोल धावत आला. एकटाच.

"हॅटी कुठाय?"

"मी आत गेलो होतो. तिला म्हटलं, इथेच थांब. बाहेर आलो तर नाही." तो मोकळ्या खांबाकडे बघायला लागला. "जाजा, मासा कुठाय? मी मार्जच्या कुत्र्यावरून आपली गाडी ओळखली."

 क्लेमने वर पाहिलं. वर नुसतं करडं आभाळ होतं.

मग जी पळापळ झाली! नॉर्ब एका बाजूला, मार्ज दुसऱ्या, क्लेम गाड्यांच्या मधून, चुलींना धडकत, "हॅटी! हॅटी!" ओरडत. हजारो माणसं आणि सगळ्यांच्या अंगावर संघाचं हिरवं-पिवळं, हॅटीच्याही.  गिरणीला एकदा आग लागली होती, तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता.

पंचवीस मिनिटांनी ती सापडली, सहा रांगा पलीकडे. तोंड हिरवं रंगवलेल्या एका अगडबंब बाईच्या मांडीवर बसून पॅनकेक खात होती. तिच्या गाडीवर कुठल्याशा मासेमारी क्लबचा झेंडा होता.

"आपला मासा नव्हता जाजा," ती म्हणाली. "मग मी दुसरा शोधला. पण तू त्याच्या खाली नव्हतास."

क्लेम तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसला.

परत आले तेव्हा बूया करपला होता. मार्जने त्याला बाजूला घेतलं. "पोर सुखरूप आहे ना? मग रॉक्सॅनला सांगून कशाला आगीत तेल ओततोस?" कोलही कुजबुजला, "जाजा, मी नाही सांगणार." हॅटीला एक चॉकलेट दिलं असतं तर तीही गप्प बसली असती. क्लेम हंडा खरवडत राहिला. गप्प राहिलं की पुढचा रविवार आपला, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

बारा वाजून गेल्यावर रॉक्सॅन आली. रेडिओवर सामना सुरू झाला होता.

"हॅटी हरवली होती," तिने कोट काढायच्या आत तो म्हणाला. "पंचवीस मिनिटं. माझी चूक. मी झेंडा उतरवला."

 रॉक्सॅनने हॅटीला उचललं, तिचे हातपाय चाचपले, घट्ट धरलं. बराच वेळ.

"हरत होतो म्हणून उतरवलास?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मी सात वर्षांची होते. तू मला सॉसेजसाठी मस्टर्ड सॉस आणायला पाठवलंस. परत फिरले तर झेंडा नाही. सामना संपेपर्यंत फिरत होते, बाबा. शेवटी एका पोलिसाच्या घोड्यामागून चालत चालत आपली गाडी सापडली." तिने हॅटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि तू विचारलंस, मस्टर्ड कुठाय?"

क्लेमला काही आठवत नव्हतं. मुळीच काही नाही. लेकीला फुटबॉल आवडत नाही, असं तो इतकी वर्षं लोकांना सांगत आला होता.  पळी हातातून सुटली आणि तो मार्जच्या खुर्चीत मटकन बसला. रेडिओवर गर्दी ओरडली. काय झालं ते त्याने ऐकलंही नाही.

रॉक्सॅनने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

"पुढच्या रविवारी मी सुट्टी घेते," ती म्हणाली. "पोरांसाठी नाही. तेव्हा तू मला शोधायला हवं होतंस, ते राहिलंय."