पूजेत ठेवलेली वही

माझ्या सुनेला वाटतं, सासूबाई लग्नाआधी मद्रासला 'काहीतरी कॉम्प्युटरचं' करायच्या. काहीतरीच होतं ते. मैलापुरात एका दुकानावरच्या खोलीत आमच्या मुदलाळींचा, म्हणजे मालकांचा, छोटा कारखाना होता आणि तिथे मी तीन महिने उमेदवारी करत होते. समोर वहीएवढा हिरवा बोर्ड. त्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि सहा लाल आकडे, एवढंच. पडदा नाही की काही नाही. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा आणि मग दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून, एकेक बटण दाबून बोर्डात भरायचा. चारशेच्या वर जोड्या होत्या. वीज गेली की बोर्डाच्या पोटातलं सगळं साफ! पहिल्या महिन्यात मी किती वेळा रडकुंडीला आले, ते माझं मला माहीत.

दसऱ्याला एका रंगाच्या कारखान्याचे गृहस्थ सकाळी साडेआठला येणार होते. त्यांची मोटर माझ्या प्रोग्रॅमने ठरल्या वेळी चालू-बंद झाली की माझी नोकरी कायम. आणि नोकरी कायम झाली तर पुण्याच्या स्थळाला नकार कळवायचा, असं आप्पांनी, माझ्या वडिलांनी, कबूल केलं होतं. आमचं घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेलं. घरात पुण्याच्या स्थळाचं कौतुक कोण! मला मात्र तो बोर्ड हवा होता. इतकं काही हवंसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवस आधी प्रोग्रॅम चालला. आनंदात मी बोर्ड चालूच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या घरी आप्पांनी पाटावर पुस्तकं रचली. त्यावर मी आपण होऊन माझी वही ठेवली, चंदनाचं बोटही लावलं. देवीने आणखी काय करायचं राहिलं होतं, देव जाणे. पण मागितलं.

कारखान्यात गेले तर आयुधपूजेची तयारी. सोल्डरिंग आयर्न, पक्कडी, मीटर, सगळ्यांना कुंकू. माझ्या बोर्डालाही. यंत्रांना आज विश्रांती म्हणून मुदलाळींनी हात जोडले आणि मेन स्विच खाली ओढला. लाल आकडे विझले. माझ्या पाचावर धारण बसली.

मुदलाळी तमिळमध्ये शांतपणे म्हणाले, "वही आहे ना? उद्या सकाळी भर." आणि हातात सुंडलचा, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोण दिला.

वही होती, पण पूजेत. आमच्याकडे त्या दिवशी कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा झाली की मगच पुस्तकं उचलायची.

घरी येऊन विचारलं, "आप्पा, उद्याची पूजा पहाटे पाचला कराल का? मला वही पाहिजे."

"मुहूर्त सातांचा आहे, अम्मा. देवीस घाई करों नये. सात वाजले कीं देतों, सरी?" लेकीला 'अम्मा' आणि 'बरं का'ला 'सरी', आमच्या घरची मराठी अशी तमिळ मिसळलेली.

संध्याकाळी आप्पा सगळ्यांना घेऊन देवळात गेले. तासभर मी घरात एकटी होते. वही उचलून पानं उतरवून घेतली असती तर कुणाला कळलं असतं? दोनदा पाटापर्यंत गेले. दोन्ही वेळा नमस्कार करून परत आले. प्रोसेसर शिकलेली मुलगी, आणि सरस्वती कोपेल म्हणून भ्याले! त्या बाईचा मला आजही राग येतो, सरस्वतीचा नव्हे, माझा.

सकाळी सातला पूजा सुरू झाली. आप्पांनी प्रत्येकाला आपापल्या पुस्तकातल्या चार ओळी वाचायला लावल्या. माझी पाळी आली तेव्हा मी वहीतल्या जोड्याच वाचल्या. आप्पा कौतुकाने ऐकत होते.

बस पकडून पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. एरवी दीड तास लागायचा, ते काम मी अर्ध्या तासात उरकलं. गृहस्थ आले, मुदलाळींनी मोटर जोडली, मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, छान हसले, कॉफी घेतली आणि गेले. मुदलाळी त्यांना सोडायला खाली उतरले.

मी पहिल्या जोडीपासून तपासत बसले. घाईत मधलीच एक जोडी गाळली होती. त्यामुळे पुढच्या सगळ्या एकेक घर मागे सरकल्या होत्या. तिथून पुन्हा भरलं. बारा वाजता मोटर फिरली, थांबली, फिरली, थांबली. खोलीत मी एकटी. वरातीमागून घोडं.

मुदलाळी आले, मोटरकडे पाहत राहिले. म्हणाले, "चांगलं केलंस, अम्मा. पण ते काम आता त्यांनी दुसऱ्याला दिलं. काम नाही, तर तुला कशावर ठेवू?" माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

घरी आप्पा अंतर्देशीय पत्र समोर घेऊन बसले होते. दसऱ्याच्या दिवशी लिहिलेलं तडीस जातं, हा त्यांचा विश्वास.

"चाललें काय तुझें?"

"चाललं, आप्पा."

त्यांचा चेहरा असा उजळला, की वहीचं आणि मुहूर्ताचं बोलणं मी काढलंच नाही. ते मी त्यांना पुढेही कधी सांगितलं नाही.

"मग पुण्यास नको म्हणून लिहूं?" पेनाचं टोपण काढत त्यांनी आनंदाने विचारलं.

"नाही आप्पा," मी म्हटलं. "हो म्हणूनच लिहा."