लाल रेघेपाशी कापलेल्या वह्या

चाळीस वर्षांच्या संसारात निरीक्षकांनी बायकोचं अक्षर पाहिलंच नव्हतं. सही पाहिली होती. कागदावर ते बोट ठेवायचे, तिथे ती सही करायची. बाकी सगळं लिखाण त्यांच्याकडे. सामानाची यादीसुद्धा ती स्वयंपाकघरातून सांगायची आणि ते बाहेरच्या खोलीत बसून लिहायचे. दोघं कधी लांब राहिली नाहीत, त्यामुळे पत्र लिहायची वेळ आली नाही. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. तिलाही वाटत नसावं, असं ते धरून चालले होते.

वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. तराजूच्या पारड्याखाली काही चिकटवलंय का, कापड मोजायच्या पट्टीचं टोक झिजलंय का, मापाचा तळ आतून वर उचललाय का, हे ते नुसत्या नजरेने सांगायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांची सायकल दिसली की एक दुकानदार दुसऱ्याला खूण करायचा. "आला मिलिमीटर." तोंडावर निरीक्षकसाहेब, पाठ वळली की मिलिमीटर. त्यांना ते माहीत होतं. मनातून आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने त्यांनी घर तपासलं. दाराच्या चौकटी तपासल्या, भिंतीवरचे फोटो पट्टी लावून सरळ केले. मग एक दिवस बायको भाजी चिरत असताना मागे जाऊन उभे राहिले.

"तुकडे लहानमोठे होतायत."

तिने सुरी त्यांच्या हातात दिली.

"अहो, मी काय दुकान थाटलंय का इथे? कुठेतरी जा. काहीतरी शिका. नाहीतर मी जाते, तुम्ही बसा फोडी मोजत."

ते गेले. खात्याच्या नियमांचं जुनं जाडजूड पुस्तक, पाठ फाटलेलं, बगलेत मारून बाइंडिंगवाल्या मावशीकडे गेले. मावशी त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच होत्या, पण सगळा बाजार त्यांना मावशी म्हणायचा. बंद पडलेल्या छापखान्याच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. आत एक टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, हाताने चाक फिरवायचं कापायचं यंत्र, आणि कोपऱ्यात लोखंडी शेगडी.

"टाकून जा. आठ दिवसांनी या."

"बघत बसलो तर चालेल?"

"बघा. फुकट आहे. पण मध्ये बोलायचं नाही."

ते दहाव्या मिनिटाला बोलले. "तो पुठ्ठा डावीकडून दोन मिलिमीटर जास्त आहे."

मावशींनी पट्टी लावली. दोन मिलिमीटरच होता. त्यांनी चष्म्यावरून या माणसाकडे पाहिलं.

"डोळा आहे तुम्हाला. आता हात आहे का बघू."

हात नव्हता. पहिले सहा महिने त्यांनी नुसते कागद दुमडले. खळ दाट झाली, पातळ झाली, करपली. सुई बोटात गेली. मावशी म्हणायच्या, "साहेब, पुस्तक शिवायचंय. तुम्हाला नाही." घरी आले की बायको त्यांच्या नखांतली खळ बघून हसायची. पण दुसऱ्या वर्षी हात बसला. सुट्या पानांचे जुज, म्हणजे दुमडून एकात एक घातलेले गठ्ठे, करायचे, टोच्याने भोकं पाडायची, मेणावरून ओढलेल्या दोऱ्याने एकेक जुज आधीच्या जुजाला ओवून घ्यायचा. शेवटची गाठ बसली की हातात एक वस्तू असायची, जी सकाळी नव्हती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. स्वतःच्या हातून काही झालेलं ते पहिल्यांदाच बघत होते. दुपारी जेवायचं भान राहत नसे. बायको डबा पाठवायची, तो संध्याकाळी तसाच परत यायचा.

मावशींच्या दुकानाच्या दोन रीती होत्या. शिवण झाली की पुस्तकाच्या कडा यंत्रावर सारख्या कापायच्या, पण कापण्याआधी गिऱ्हाईकाला विचारायचं, "कडेला काही लिहिलंय का?" आणि कापून पडलेली कात्रणं शेगडीत घालून त्यावरच कव्हर चिकटवायची खळ शिजवायची. ज्याची कात्रणं त्याचीच खळ. मावशींच्या सासऱ्यांपासून चालत आलेलं होतं. जमीनही स्वच्छ राहायची.

तिसऱ्या वर्षी बायको पंधरा दिवस लेकीकडे गेली. निरीक्षकांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. आत मुलांच्या शाळेच्या वह्या होत्या. थोरल्याच्या, धाकटीच्या. एकवीस वह्या, काही लहान, काही मोठ्या, कडा कुरतडलेल्या. गणितं, शुद्धलेखन, नद्यांची नावं. त्यांच्या मनात आलं, या एकत्र बांधाव्यात. बायको परत येईल तेव्हा पुस्तक टेबलावर ठेवावं. तिला त्यांनी आजवर असं काही दिलं नव्हतं.

प्रत्येक पानावर डावीकडे लाल रेघ होती. रेघेच्या बाहेर, समासात, कुणीतरी बारीक अक्षरात खरडलं होतं. दोन-दोन शब्दांची ओळ, पानाच्या डोक्यापासून तळापर्यंत. सगळ्या वह्यांत. निरीक्षकांनी ते पाहिलं. पोरांचं असणार, तासाला लक्ष नसायचं मेल्यांचं, असं म्हणून ते हसलेही. वाचलं नाही. वाचायला चष्मा बदलावा लागला असता, आणि त्यांचं लक्ष मापाकडे होतं.

शिवण नऊ दिवस चालली. इतकी घट्ट आणि सरळ शिवण त्यांच्या हातून आधी झाली नव्हती. मावशींनी बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे खूप.

मग पुस्तक यंत्राखाली गेलं. सगळ्यांत लहान वहीच्या मापाला बाकीच्या आणायच्या तर बराच कागद जाणार होता. थेट लाल रेघेपर्यंत. निरीक्षकांना ते बरंच वाटलं. खरडलेलंही जाईल आणि पान स्वच्छ दिसेल.

"गिऱ्हाईकाला विचारलंत?" मावशींनी टेबलापलीकडून विचारलं.

"गिऱ्हाईक घरचंच आहे."

त्यांनी चाक फिरवलं. पातं खाली आलं. कात्रणांचा ढीग शेगडीत गेला, वर खळीचं भांडं चढलं. खळ छान झाली. गुठळी नाही, करपणं नाही.

बायको आली त्या दुपारी पुस्तक टेबलावर होतं. निळं कापड, कोपरे चामड्याचे. तिने पदराला हात पुसले आणि उघडलं. एक पान उलटलं. मग चार-पाच एकदम. मग बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"किती सरळ कापलंय," ती म्हणाली.

"अर्ध्या मिलिमीटरचा फरक दाखव, म्हणशील ते हरेन."

"इथे काही लिहिलेलं होतं ना?"

"पोरांनी खरडलेलं. काढून टाकलं सगळं."

तिने पुस्तक मिटलं.

"ते माझं होतं," ती म्हणाली.

त्यांना कळलं नाही. मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. दुपारी मुलं शाळेत आणि ते फिरतीवर गेले की ती लिहायची. रोज एखादा समास, कधी पान उलटून पुढचाही. कोरी वही मुलांसाठी असायची, ती कशी घेणार? भरलेल्या वह्या कुणाला नको असायच्या. त्यातली एवढीच जागा रिकामी होती. अकरा वर्षं लिहिलं.

"कापायच्या आधी पाहिलं होतंत तुम्ही?"

"पाहिलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, थोरल्याचं अक्षर."

"थोरला डावखुरा आहे हो. त्याचं अक्षर मागे रेलतं." ती उठली. "जाऊ दे. कुठलं अक्षर कुणाचं, ते तुम्हाला कुठून कळणार."

त्या रात्री दोघं जेवली. ती भाजी वाढताना एवढंच म्हणाली, "मीठ बघा." त्यांनी चव घेऊन, बरोबर आहे म्हणून सांगितलं.

सकाळी मावशींनी दुकान उघडलं तेव्हा निरीक्षक पायरीवर बसलेले होते.

"कात्रणं?" मावशी म्हणाल्या. "साहेब, तुम्हीच पेटवलीत की. त्याच्यावरच खळ शिजली. तिनेच तुमचं कापड चिकटलंय." मग सगळं ऐकून घेतल्यावर त्या स्टुलावर टेकल्या. "एक मात्र आहे. समास प्रत्येक पानाच्या डावीकडे. पुस्तक उघडलं की डाव्या पानाचा बाहेर येतो, तो गेला. उजव्या पानाचा आत शिवणीकडे जातो. तो आहे. पण तुम्ही असं आवळलंय की तिथे मुंगीसुद्धा शिरायची नाही."

"म्हणजे अर्धं आहे."

"अर्धं आहे. उसवावं लागेल." त्या स्टुलावरून उठल्या. "तुमच्या हातचं सगळ्यात चांगलं काम आहे ते. माझ्यासुद्धा हातचं असतं तर मी मिरवलं असतं."

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं, अर्धं शिवणीत शिल्लक आहे, उसवू का. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वाचायचंय तुम्हाला?"

"हो."

"आता?"

"हो."

"मग माझ्यासमोर वाचा. मोठ्याने."

त्यांनी कापड सोललं, पुठ्ठे सोडवले, एकेक गाठ कापली. नऊ दिवसांचं काम तासाभरात सुटलं. पानं टेबलभर पसरली. शिवणीच्या भोकांना लागून ते अक्षर होतं. बारीक, उभट, र ला मोठी शेपटी. चष्मा बदलून ते वाचू लागले. एखाद्या ठिकाणी सुईचं भोक नेमकं शब्दातून गेलं होतं, तिथे अडखळत होते.

"धाकटी विचारते, सावली भिजत का नाही. मला उत्तर आलं नाही." "आज दुपारभर कुणी आलं नाही. बरं वाटलं." "दाढ दुखते. सांगितलं नाही, यांची उद्या मोठी तपासणी." "यांनी जेवताना तेलवाल्याची नक्कल केली. पोरं लोळली. असे हे रोज असते तर"

पान संपलं. त्यांनी उलटलं. मागच्या बाजूला लाल रेघेपाशी कागदच संपत होता.

"पुढे काय होतं?"

"मला काय माहीत."

"आठवून बघ ना."

"आठवत असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं?"

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. "वाचा," ती म्हणाली. ते वाचत राहिले. प्रत्येक पानाला तेच. एक दिवस असायचा, पुढचा नसायचा. नक्कल केल्याचं त्यांना मुळीच आठवत नव्हतं. मुलं लोळलेली आठवत नव्हती. दाढ तर त्यांना माहीतच नव्हती. हळूहळू त्यांचा आवाज खाली गेला आणि तिला खुर्ची जवळ ओढून घ्यावी लागली.

दिवे लागायच्या सुमाराला धाकटीच्या सातवीतल्या भूमितीच्या वहीतलं एक पान हाती आलं. वर त्रिकोण काढलेला होता. शिवणीकडे लिहिलं होतं:

"आज यांनी पहिल्यांदा विचारलं, दुपारची काय करत असतेस. विचारून उंबऱ्यात थांबलेसुद्धा. मी म्हटलं,"

त्यांनी पान उलटलं. त्रिकोणाची मागची रेघ तेवढी उमटली होती.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"दिसतंय तसं."

"तू काय म्हणालीस?"

तिने ते पान त्यांच्या हातातून घेतलं, वाचून झालेल्या पानांवर ठेवलं आणि तळव्याने सारखं केलं.

"काही नाही म्हटलं असेन," ती म्हणाली. "पुढचं घ्या."