फिल्मच्या कडेचे नंबर

जुना कॅमेरा विकणाऱ्या माणसावर मी पहिल्या भेटीत विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या भेटीतही ठेवत नाही. ‘आमच्या आजोबांचा आहे, फार जपून वापरलाय’ हे वाक्य कानावर पडलं की मी पर्समधून छोटी बॅटरी काढते, लेन्समध्ये उजेड सोडते आणि बुरशी शोधते. बहुतेक वेळा ती सापडते. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत मी वीस वर्षं क्वालिटीच्या लॅबमध्ये आहे. समोर आलेल्या प्रत्येक नमुन्यात काहीतरी खोट आहे असं धरून चालायचं, याचाच मला पगार मिळतो. घरी आल्यावर ती सवय चपलांबरोबर दारात काढून ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, हिच्या हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी त्याची एक्स्पायरी विचारेल.

दौंडच्या आमच्या घरात एका कपाटात नऊ कॅमेरे आहेत, सगळे रेंजफाइंडर. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सची कडी फिरवत जायचं, दोन माणसं सरकत सरकत एक झाली की फोकस जुळला. जुळलं नसेल तर हा कॅमेरा ते लपवत नाही, म्हणून मला तो आवडतो. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही.

दहावा कॅमेरा शिरूरला आहे हे मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं. शिरूरच्या एका सहकाऱ्याच्या शेजारी एक म्हातारे राहत होते, पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. चौफुला, न्हावरा करत मी स्कूटरवरून त्यांच्या घरी पोहोचले, तेव्हा ते पडवीत खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते आणि दोन्ही थरथरत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही नजर फारशी सुधारली नव्हती. सुनेनं चहा आणला, कपाटातून कॅमेरा काढून माझ्यासमोर ठेवला आणि ती आत गेली.

मी बॅटरी काढली. लेन्स लख्ख, बुरशीचा ठिपकाही नाही. चौकोनातली दोन माणसं अलगद एक होत होती. शटरचा आवाज असा की कान तृप्त व्हावेत. इतका चांगला कॅमेरा बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला शंका आली.

“पोरगी बघायला आल्यावानी बघताय ताई,” आप्पा हसले. “चालवून दाखवायची बाकी हाय फक्त.”

“आप्पा, याचे किती घेणार?”

“आधी वापरून बघा. पैशाचं मागनं बघू. न्या घरी.”

ना विसार, ना फोन नंबर. मी आणखी सावध झाले. मग खरी गोष्ट बाहेर आली. कॅमेऱ्यात अर्धा रोल होता. बारा फोटो आप्पांनी काढलेले होते, चोवीस उरले होते. बाराही फोटो त्यांच्या बायकोचे होते. आप्पांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे हार घातलेली तसबीर होती, आणि तसबिरीतला चेहरा आधार कार्डावरून मोठा केलेला होता. डोळे वटारलेले, कान बाहेर आलेले, मागे राखाडी भिंत.

“साऱ्या तालुक्याची लग्नं काढली मी,” ते म्हणाले. “हिला म्हणायचो, तुझा काय, कवा बी काढता येईल. दुकान बंद केलं त्या दिवशी फोटोमागचा रंगवलेला पडदा उतरवायच्या आधी हिला म्हणलं, उभी ऱ्हा. बारा काढले. रोल पुरा झाला म्हंजी धुवू म्हणलं. त्यात ती गेली. मग हात हे असे झाले.”

रोल पुरा झाल्याशिवाय धुवायचा नाही, हा जुन्या स्टुडिओवाल्यांचा नेम. अर्धा रोल धुणारा माणूस त्यांच्या लेखी उधळ्या. नंतर त्यांनी रोल कुणाला दिला नाही. पुण्याच्या लॅबला पाठवला आणि वाटेत हरवला तर, ही भीती. मी घरी स्वतः फिल्म धुते हे सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. चोवीस माझे, बारा त्यांचे. कॅमेऱ्याची परीक्षाही होईल.

कुणालाही हे ऐकून गलबलून आलं असतं. मी काय केलं? कॅमेऱ्यावरच्या फोटो मोजणाऱ्या काट्याचा मोबाईलवर फोटो काढला. काटा बारावर होता. उद्या म्हातारा म्हणाला की वीस होते, तर हातात पुरावा हवा. आप्पांना दिसत नव्हतं, पण मोबाईलचा खट् आवाज त्यांनी ऐकला असणार.

चोवीस फोटो मी पंधरा दिवसांत संपवले. कासुर्डीजवळ उसाच्या फडाच्या बांधावर उभी राहून लेन्सची कडी फिरवत होते, तर एक शेतकरी मोटारसायकल थांबवून माझ्याकडे बघत बसला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “किती फूट भरलं?”

“काय किती फूट?”

“ते बारकं यंत्र मोजतंय न्हवं. त्या कडीवर आकडे हायत की फुटाचे. रस्ता कुठनं न्यायचाय, आधी सांगा.”

मी फोटो काढतेय हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. मी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून हलला नाही. मला तो फार आवडला.

आता माझ्या बाटल्यांबद्दल सांगायला हवं. फिल्म धुवायला दोन द्रावणं लागतात. आधी डेव्हलपर, तो चित्र उमटवतो. मग फिक्सर, तो उमटलेलं पक्कं करतो आणि जे उमटलं नाही ते धुऊन काढतो. क्रम उलटा झाला तर फिक्सर सगळंच धुऊन काढतो. मी दोन्ही एकसारख्या तपकिरी बाटल्यांत ठेवते, आणि त्यांच्यावर नावं लिहीत नव्हते. पाहुणे येतात, शेजारच्या बायका येतात, कुणी ओतून बघायचं. म्हणून लॅबसारखे कोड होते, डेव्हलपर चार आणि फिक्सर सात. हा रोल धुवायच्या आदल्याच आठवड्यात नवऱ्यानं सहज विचारलं, “सात नंबरचं संपत आलंय, आणायचं का?” याला कसं कळलं, या संशयानं मी त्याच दिवशी कोड अदलाबदल केले. ही माझी हुशारी.

शनिवारी दुपारी बाथरूममध्ये मी तो रोल धुतला. सवयीनं हात आधी चारच्या बाटलीकडे गेला. फिक्सरला आंबूस वास असतो, पण लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या माझ्या नाकाला कशाचाच वास येत नाही. शेवटी धुवायची डबी उघडून फिल्म बाहेर ओढली, तर ती कोरी. टोकापासून टोकापर्यंत पाण्यासारखी पारदर्शक. ना ऊस, ना शेतकरी, ना आप्पांची बायको.

एक क्षणही माझा स्वतःवर संशय गेला नाही. मला एकदम हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं. बघा, म्हटलं, शटर नुसतं वाजतंय, उघडत नाहीये. म्हातारा पक्का आहे. विसार का घेतला नाही, ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म आणि कॅमेरा घेऊन शिरूरला गेले. रस्ताभर मनात वाक्यं तयार करत होते, आणि पडवीत शिरल्या शिरल्या ती सगळी म्हणून टाकली. शटर मेलेलं आहे, माझा रोल वाया गेला, तुम्हाला हे माहीत असणार, इतकी वर्षं धंदा केलेल्या माणसाला कळत नाही का. आवाज इतका चढला की सून दारात येऊन उभी राहिली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. मी फिल्म दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, डोळ्याजवळ नेली, लांब नेली. हात थरथरत होता, फिल्म सळसळत होती.

“मला न्हाई दिसत,” ते म्हणाले. “ताई, कडंला नंबर हायत का बघा.”

“कसले नंबर?”

“फिल्मच्या कडंला कंपनीनं घातलेले आसत्यात न्हवं, एक, दोन, तीन. कॅमेऱ्याचा त्याच्याशी काय संबंध न्हाई, ते धुतल्यावर आपोआप दिसत्यात. नंबर आसतील तर शटर मेलं. नसतील तर धुण्यात चूक झाली.”

हे मला ठाऊक होतं. दहा वर्षं फिल्म धुतेय, मला ठाऊक नसेल? पण घरी मी कडेकडे पाहिलंच नव्हतं. गुन्हेगार आधीच सापडला होता, मग पुरावा कशाला तपासायचा. मी फिल्म उजेडात धरली. कडा कोऱ्या होत्या. एकसुद्धा आकडा नव्हता. अदलाबदल केलेले चार आणि सात डोळ्यासमोर आले.

“हायत का?” आप्पांनी विचारलं.

“आहेत,” मी म्हणाले.

ठरवून म्हणाले नाही. पण तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर मी ते परत घेतलं नाही.

आप्पांनी मान भिंतीकडे वळवली. “म्हंजी माझे बी आलेच नव्हते तर,” ते म्हणाले. “पाय दुखत व्हते तिचे त्या दिवशी. तरी तासभर उभी ऱ्हायली.” मग कॅमेरा चाचपून त्यांनी माझ्याकडे सरकवला. “भंगारच हाय ह्यो आता. कपाटात शोभेला ठेवा. फिल्म तेवढी इथं राहू द्या.”

मी कॅमेरा उचलला आणि निघाले. कुठल्याही भल्या माणसानं उचलला नसता.

घरी गेल्यावर पहिल्यांदा मी बाटल्यांवर नावं लिहिली, मोठ्या अक्षरात. मग त्या कॅमेऱ्यात नवा रोल भरला. मनाच्या एका कोपऱ्यात अजून आशा होती की शटर खरंच मेलेलं निघेल. निघालं नाही. नवरा, दौंड स्टेशनचा पूल, चहाची टपरी, सगळं आलं. इतके स्वच्छ फोटो माझ्या नऊ कॅमेऱ्यांनी कधी दिले नव्हते. मी ते नवऱ्यालाही दाखवले नाहीत.

तीन आठवडे गेले. कंपनीत नमुने तपासताना मी रिपोर्टवर सही करायची तेव्हा हात अडखळायचा. शिरूरचा सहकारी कॅन्टीनमध्ये समोर बसला की वाटायचं, याला माहीत आहे. तो मीठ मागायचा आणि मला त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं ऐकू यायचं. जगावर संशय घेणं मला जमतं, त्यात एक प्रकारची मजाही असते. स्वतःवरचा संशय मात्र सोसवत नाही. शेवटी एका सकाळी कॅमेरा पिशवीत घातला आणि निघाले.

सुनेनं दार उघडलं. ती माझ्या डोळ्यांकडे न बघता “या” म्हणाली. आप्पा त्याच खुर्चीवर होते. मी बसलेसुद्धा नाही.

“आप्पा, नंबर नव्हते. कॅमेरा चांगला आहे. माझ्या बाटल्या बदलल्या होत्या. तुमचे फोटो होते, मी घालवले. आणि वर खोटं बोलले.”

“ठाऊक हाय,” आप्पा म्हणाले. “तुम्ही गेला त्याच दुपारी सुनंला दावली फिल्म. म्हणलं, तुझ्या सासूच्या फोटोंच्या जागी कोणते नंबर पडलेत तेवढं तरी बघ. ती म्हणाली, नंबर न्हाईतच.”

“मग मला निरोप का नाही पाठवला? शिव्या द्यायच्या होत्या.”

“म्हणलं, ताईंची बी नजर कमी झाली आसंल. चष्मा हाय तुम्हाला.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असेल तर तो दिसावा म्हणून नीट पाहिलं, बॅटरी लावून लेन्स बघावी तसं. काहीच सापडलं नाही. मला रडू आलं आणि मी रडले. सून आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी तो मांडीवर घेतला, थरथरत्या अंगठ्यानं कडी फिरवली आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे तोंड करून बसले. मग मला ते फोटो सांगायला लागले, बोटं मोजत. पहिल्यात ती पदर सारखा करतेय. दुसऱ्यात पडद्यावरच्या कमळांकडे बघतेय, कारण तो पडदा रंगवताना रंग तिनंच कालवले होते. तिसऱ्यात ‘बास की आता’ म्हणतेय. पाचव्यात हसू दाबलंय, सहाव्यात ते सुटलंय. अकरापर्यंत एकही बोट चुकलं नाही.

“बाराव्यात माझा हात हलला व्हता,” आप्पा म्हणाले. “त्यो तसा बी आला नसता. तुमच्याकडनं अकराच गेले, ताई.”